वाद गाजतो, मालिका कशावर टिकते?

रायगड जिल्ह्यात जित्यापासून रोह्यापर्यंत संध्याकाळी सातनंतर घरोघरी मालिका लागतात. हल्ली कथानकाइतकीच चर्चा पडद्यामागच्या भांडणांची होते.

जानेवारी २०२२ मध्ये ‘मुलगी झाली हो’ मालिकेतून अभिनेते किरण माने यांना काढण्यात आलं. राजकीय पोस्टमुळे ही कारवाई झाली, असं माने म्हणाले. सहकलाकार महिलांशी गैरवर्तन, हे कारण निर्मात्यांनी दिलं. सेटवरच्या अभिनेत्रींतही दोन तट पडले. माने साकारत असलेली नायिका माऊच्या वडिलांची, विलास पाटलांची, भूमिका दुसऱ्या नटाकडे गेली. पुढे मालिका संपली. माने मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या घरात गेले आणि अंतिम फेरीपर्यंत पोहोचले.

‘बिग बॉस’ला वाद पचतो. जून २०१९ मध्ये स्पर्धक अभिजित बिचुकले यांना सातारा पोलिसांनी थेट सेटवरून अटक केली. जामिनानंतर ते पुन्हा घरात आले. भांडण हा त्या कार्यक्रमाचा कच्चा मालच आहे. कौटुंबिक मालिकेत मात्र बापाचा चेहरा बदलला की प्रेक्षकाला नातं नव्याने जुळवावं लागतं.

तरीही चेहरा गेल्यावर मालिका तगू शकते. अमेरिकेत मे २०१८ मध्ये नायिकेच्या वर्णद्वेषी ट्वीटमुळे ‘रोझॅन’ ही मालिका बंद झाली. तेच कुटुंब नायिकेविना ‘द कॉनर्स’ नावाने परतलं आणि २०२५ पर्यंत चाललं. पात्रं भक्कम होती, म्हणूनच हे जमलं.

वादाने चार दिवस गर्दी होते. रोजचा प्रेक्षक लेखनच टिकवतं. वाहिन्यांनी तक्रारींची चौकशी वेळेत, निःपक्षपातीपणे करावी आणि पटकथेवर अधिक खर्च करावा.