संग्रहाला निरोप देताना

मे १९७० मध्ये हॉलिवूडमधील एमजीएम या नामवंत चित्रसंस्थेने आपली कपड्यांची दालने आणि सामानसुमानाची कोठारे लिलावात काढली. मुंबईच्या धोबीतलावावरील मेट्रो चित्रपटगृह १९३८ साली उभारणारी ती हीच संस्था. तिची मालकी नुकतीच बदलली होती आणि नव्या व्यवस्थापनाच्या लेखी जुने पोशाख म्हणजे केवळ जागा अडवणारी अडगळ होती. बोली लावणाऱ्यांमध्ये अडतीस वर्षांच्या अभिनेत्री डेबी रेनल्ड्स होत्या. १९५२ सालच्या ‘सिंगिन इन द रेन’ या चित्रपटामुळे त्यांना कीर्ती मिळाली होती. आपल्या व्यवसायाचा इतिहास असा विखुरला जाऊ नये, या तळमळीने त्यांनी पोशाख विकत घेतले आणि पुढील चार दशके त्या घेतच राहिल्या.

या संग्रहाचे संग्रहालय व्हावे, ही त्यांची इच्छा होती. लास व्हेगासमधील आपल्या हॉटेलात त्यांनी ते काही काळ चालवलेही. परंतु १९९७ मध्ये दिवाळखोरीमुळे तो अध्याय संपला. पुढे हॉलिवूडमध्ये आणि टेनेसी राज्यात केलेले प्रयत्नही तडीस गेले नाहीत. कर्जाचा भार वाढला. अखेर १८ जून २०११ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपल्या संग्रहाचा लिलाव मांडला. ‘द सेव्हन इयर इच’मधला मेरिलिन मन्रोचा सुप्रसिद्ध झगा त्या दिवशी ४६ लाख डॉलरना गेला, खरेदीदाराकडून घेतला जाणारा आकार धरून ही रक्कम ५६ लाखांवर पोचली. एकेकाळचा तो शुभ्र झगा काळाच्या ओघात पिवळसर पडला होता.

हे आकडे डोळे दिपवणारे आहेत. परंतु या सदराचा विषय तो झगा नाही. आयुष्यभर जिवापाड जपलेल्या वस्तू उतारवयात हातावेगळ्या करताना मनाचे आणि शरीराचे काय होते, आणि भोवतालच्या माणसांनी त्या वेळी कसे वागावे, हा आपला प्रश्न आहे.

वस्तूत गुंतलेला ‘मी’

ग्राहकवर्तनाचे अभ्यासक रसेल बेल्क यांनी १९८८ मध्ये मांडले की, माणूस आपल्या वस्तूंना आपल्याच अस्तित्वाचा विस्तार मानतो. चित्रपटांची भित्तिपत्रके, कलाकारांची स्वाक्षरी असलेली छायाचित्रे, जुनी तिकिटे यांत संग्राहकाचे तारुण्य, मैत्री आणि कष्टाने वाचवलेला पैसा साठलेला असतो. म्हणूनच संग्रह विकणे हा एक प्रकारचा वियोग असतो. त्यानंतर काही दिवस उदास वाटणे, रिकाम्या भिंतीकडे नजर जाणे, झोप चाळवणे हे स्वाभाविक आहे. मात्र उदासी, अन्नावरची वासना जाणे किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर ‘वयोमानाने होते असे’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

किमतीवरून घरात होणाऱ्या कुरबुरींनाही मनोव्यापाराचा आधार आहे. कानेमन, नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हाती आलेला साधा मग विकताना लोकांनी मागितलेली किंमत ही खरेदीदार देऊ इच्छीत असलेल्या किमतीच्या दुपटीहून अधिक होती. काही मिनिटांपूर्वी मिळालेल्या मगाची ही कथा, तर चाळीस वर्षे सांभाळलेल्या चित्राचे काय? तेव्हा आजोबांनी अवाच्या सवा किंमत सांगितली, तर त्यामागे लोभ असतोच असे नाही.

छंद आणि आजार

संग्राहक वस्तू निवडतो, लावतो, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवतो. याउलट काहीही टाकता न येणे, वस्तूंनी खोल्या राहण्याजोग्या न उरणे आणि टाकण्याच्या नुसत्या विचाराने जीव कासावीस होणे, याला २०१३ पासून अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात स्वतंत्र विकाराचे स्थान आहे. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांची मदत घ्यावी. परस्पर घर रिकामे केल्याने त्रास वाढतो.

निरोगी छंदातही दोन काळज्या घ्याव्यात. पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंतची वाट मोकळी असावी; जमिनीवरचे गठ्ठे म्हणजे पडण्याला आमंत्रण. जुने कागद चाळताना धूळ आणि बुरशी उडते. दमेकऱ्यांनी तोंडाला मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून आणि थोडा थोडा वेळच हे काम करावे.

त्या लिलावाने शिकवलेले

रेनल्ड्सबाईंनी हा निरोप स्वतःच्या हयातीत, स्वतःच्या हाताने दिला आणि त्यात मुलाला सोबत घेतले. सगळे एका दिवसात संपवले नाही. जून २०११, डिसेंबर २०११ आणि अखेरचा मे २०१४ असे तीन लिलाव झाले. पहिल्या लिलावापूर्वी वस्तू लोकांना पाहण्यासाठी मांडल्या गेल्या. प्रत्येक वस्तूची माहिती देणारी सूची छापली गेली. संग्रहालय उभे राहिले नाही, पण संपूर्ण संग्रहाची नोंद कागदावर उरली.

या चारही गोष्टी साध्या घरातही करता येतात. सांभाळ करणाऱ्यांनी आठवड्यातून एखाद-दोन दुपारी, तासाभरासाठी, ज्येष्ठांसोबत बसावे. एकेक वस्तू हाती घेऊन ती कोठून आली, कोणी दिली, तिच्यात मोलाचे काय, हे त्यांच्या शब्दांत टिपून घ्यावे आणि छायाचित्र काढावे. गतायुष्याचे असे सिंहावलोकन वार्धक्यात नैसर्गिक आणि हिताचे असते, हे मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्येच सांगितले होते. शिवाय व्यावहारिक लाभही आहे. लिलावात वस्तूची किंमत दुर्मीळता, स्थिती आणि अस्सलपणाचा पुरावा यांवर ठरते; जुनी पावती, पत्र किंवा तारखेची नोंद हा तो पुरावा असतो.

विक्रीला देण्यापूर्वी लिलावसंस्थेचा मोबदला किती, कोणत्या किमतीच्या खाली वस्तू विकायची नाही आणि न विकली गेल्यास ती परत आणण्याचा खर्च कोणाचा, हे लेखी ठरवून घ्यावे. मोहरबंद खात्री देणाऱ्या, घाई करणाऱ्या घरपोच खरेदीदारापासून सावध राहावे. वस्तू ‘चकचकीत’ करण्याच्या फंदातही पडू नये. अमेरिकेतील जुनी भित्तिपत्रके चित्रपटगृहांकडे घडी घालूनच पाठवली जात, त्यामुळे घडीची रेघ हा फारसा दोष मानला जात नाही. चिकटपट्टी, इस्त्री आणि प्लास्टिकचे कायमचे आवरण मात्र कागदाचे नुकसान करतात.

विकणे हा एकच मार्ग नाही. भारतीय चित्रपटांशी निगडित छायाचित्रे, भित्तिपत्रके, गाण्यांच्या पुस्तिका घरात असतील, तर पुण्यात १९६४ पासून असलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे विचारणा करावी. नातवंडांपैकी कोणाला खरोखर गोडी असेल, तर एखादी वस्तू त्याच्या हाती आजच द्यावी. मृत्युपत्रातील ओळीपेक्षा तो क्षण दोघांनाही अधिक समाधान देतो.

स्मृतिभ्रंश असेल तर

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाभोवतीची ओळखीची वस्तू अचानक नाहीशी झाली, तर तो अस्वस्थ होतो. ‘चोरी झाली’ असा संशयही बळावतो. म्हणून आवडीच्या पाच-सात वस्तू एका पेटीत त्याच्या हाताशी राहू द्याव्यात. ‘हे आठवते का?’ अशी परीक्षा घेऊ नये. वस्तू पुढे ठेवून आपणच बोलायला सुरुवात करावी. निर्णयक्षमता शाबूत असतानाच संग्रहाबाबतची इच्छा लिहून घेणे सर्वांत श्रेयस्कर.

आणि एक शब्द कटाक्षाने टाळावा: ‘रद्दी’. १९७० मध्ये ज्यांनी तो हिशेब केला, त्यांचा अंदाज किती चुकला हे पुढच्या लिलावांनी दाखवले. आपल्या घरातील संग्रहाला लाखोंची बोली येणार नाही, कदाचित शेकड्यांचीही नाही. तरीही तो ज्याने जमवला, त्याचे म्हणणे ऐकून घेण्याआधी त्याची किंमत ठरवू नये. या पंधरवड्यात एकच करावे: घरातील ज्येष्ठांना संग्रहातील त्यांची सर्वांत लाडकी वस्तू काढायला सांगावी, आणि ती का लाडकी हे शांतपणे ऐकावे.