सेन्सर गेलाय म्हणे!

गेल्या दोन महिन्यांत एकच वाक्य मी चार वेळा ऐकलं. "साहेब, सेन्सर गेलाय." आता डोक्यात गेलंय, म्हणून हा रविवार त्यावरच.

गाडी म्हणजे माझी जुनी एस्टीम, फक्त ऑटोक्रॉससाठी ठेवलेली. कंपनीचा ईसीयू काढून तिच्यात मेगास्क्वर्ट बसवलाय. बोलिंग आणि ग्रिपो या दोघांनी २००१ च्या सुमाराला काढलेला, घरी सोल्डरिंग करून बनवता येणारा ईसीयू.

रोग असा की इंजिन ९२ अंशांवर गेलं की रेडिएटरचा फॅन लागतो, सेकंदाभरात बंद पडतो, परत लागतो, परत बंद. टक टक टक. गॅरेजवाल्यांनी कूलंटचा सेन्सर बदलला. मग रिले. मग पुन्हा सेन्सर, कारण "पहिला डुप्लिकेट असेल". तिसऱ्या बिलानंतर म्हणाले, तुमचा ईसीयूच बोगस आहे, कंपनीचा बसवा परत.

तिथे एक पोरगा आहे, असेल एकोणीस-वीसचा. पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "दादा, फॅन लागला की आकडा पडतो, बघा." मालक खेकसला, "तू नट आवळ." आणि मी? बारा वर्षं बग शोधायचा पगार घेतोय, पण मान डोलावली ती मालकाच्या बाजूने!

शेवटी लॅपटॉपवर लॉग उघडला. फॅन लागताक्षणी तापमान ९२ वरून ७८. अहो, ॲल्युमिनियमचं एवढं धूड, आत उकळायला आलेलं पाणी, ते एका सेकंदात चौदा अंश थंड होतं? कपातला चहा तरी होतो का? शिवाय त्याच क्षणी आत येणाऱ्या हवेचं तापमानही थोडं खाली, आणि पेडलला पाय न लावता थ्रॉटल वर. तीन सेन्सर ठरवून एकदम मरत नाहीत.

काय आहे ना, ईसीयूला तापमान कळतच नाही, कळतात ते फक्त व्होल्ट. पाच व्होल्ट, मधे २.४९ किलोओहमचा रेझिस्टर, मग सेन्सर, मग ग्राउंड. इंजिन तापलं की सेन्सरचा रोध घटतो आणि व्होल्ट पडतात. ९२ अंशांना उरतात जेमतेम ०.४२. तिथे ग्राउंडच ०.२ व्होल्टने वर उचलला गेला, की ईसीयूला वाटतं इंजिन थंड झालं. फॅन बंद. फॅन बंद झाला की ग्राउंड जागेवर, आकडा परत ९२, फॅन चालू...

मल्टिमीटरची काळी पिन ईसीयूच्या ग्राउंडला लावली, लाल सेन्सरच्या. फॅन बंद असताना शून्य, चालू असताना ०.२१. सगळ्या सेन्सर्सची ग्राउंड आणि फॅनची ग्राउंड बॉडीवर एकाच बोल्टखाली, तीही खालचा रंग न खरवडता! सेन्सर्सची वायर थेट ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला नेली. दीड मीटर वायर, अर्धा तास. खेळ खलास.

कोणी म्हणेल, गॅरेजवाल्यांना एवढं मोजत बसायला वेळ कुठे असतो? मग दोन-दोनदा सेन्सर बदलायला कुठून मिळतो? आणि हे फक्त माझ्यासारख्या हौशी लोकांचं दुखणं नाही. कंपनीच्या ईसीयूचा पी०११८ हा कोडसुद्धा "सेन्सर खराब" म्हणत नाही हो, "कूलंट तापमानाच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त" एवढंच म्हणतो. त्यात तुटलेली वायर आली, निसटलेला कनेक्टर आला. त्याचं भाषांतर "सेन्सर गेला" असं होतं, कारण सेन्सर विकता येतो. ग्राउंड कोणाला विकणार? इकडे फॅन अर्धा वेळ बंद. एखाद्या दिवशी हेड गॅस्केट उडालं असतं, आणि त्याचंही बिल मीच भरलं असतं.

काल मुद्दाम गॅरेजला गेलो आणि मालकासमोर पोराला सांगितलं, तुझंच बरोबर होतं बाबा. पोरगा लाजून हसला. मालक मिनिटभर गप्प. मग म्हणाला,

"पण साहेब, सेन्सरपण थोडा वीकच होता."