तेवीस वर्षांचा ‘गॅप’ म्हणे!

ब्रिटिश अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सन 15 जून 2023 रोजी, वयाच्या 87 व्या वर्षी गेल्या. त्यानंतर त्यांच्याविषयी जे लिहिलं-बोललं गेलं, त्यातलं बरंचसं एकाच साच्यातलं होतं. दोन ऑस्कर मिळवले, मग अभिनय सोडून राजकारणात गेल्या, तेवीस वर्षांच्या खंडानंतर ऐंशीव्या वर्षी रंगमंचावर परतल्या आणि पुन्हा गाजल्या. ऐकायला छान आहे. माझं भांडण त्यातल्या एका शब्दाशी आहे: ‘खंड’.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला ‘गॅप’ म्हणतात. मी मध्यंतरी दीड वर्ष नोकरी सोडून वस्तीतल्या पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डातल्या चुका, मतदार यादीतली गायब नावं या कामात होतो. नंतर एका मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी रेझ्युमेवर तेवढ्याच ओळीवर बोट ठेवून विचारलं, “म्हणजे या काळात तुम्ही काहीच करत नव्हता?” त्यांचा राग नाही. घरोघरी अब्बा, मामू, चाचा हेच तर शिकवतात: आधी सेटल हो, मग काय समाजाचं करायचं ते कर. आपली करिअर मार्गदर्शन शिबिरंसुद्धा याच वाक्यावर चालतात. म्हणून मला ग्लेंडाबाईंची कहाणी नीट, सालवार सांगायची आहे. तिच्यात ‘खंड’ कुठे सापडतो ते तुम्हीच बघा.

1936 साली, लिव्हरपूलच्या समोर नदीपलीकडे असलेल्या बर्कनहेडमध्ये जन्म. वडील गवंडी. आई साफसफाईची कामं करायची, दुकानात उभी राहायची. चार बहिणींत ही थोरली. शाळा लवकर सुटली आणि बूट्स या औषधांच्या दुकानात दोन वर्षं नोकरी केली. हौशी नाटकमंडळीत कामं करता करता 1954 साली लंडनच्या प्रसिद्ध नाट्यशाळेत शिष्यवृत्ती मिळाली. त्या शाळेचं लघुनाम ‘राडा’ आहे. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ वेगळा, पण बाईंच्या पुढच्या आयुष्याकडे बघितलं तर तोही शोभतो. पदवी घेतली म्हणून दारं उघडली नाहीत. तू नायिकेच्या साच्यातली नाहीस, चाळिशीपर्यंत फारसं काम मिळेल अशी अपेक्षा ठेवू नकोस, असं तिथेच आपल्याला ऐकवलं गेल्याचं बाई सांगत. पुढची जवळजवळ दहा वर्षं गावोगावच्या छोट्या कंपन्यांत गेली, मधूनमधून बेकारीतही.

1964 मध्ये दिग्दर्शक पीटर ब्रुक यांनी त्यांना हेरलं. ‘मारा/साद’ या नाटकात त्यांनी क्रांतिकारक माराचा खून करणारी शार्लोत कोर्दे केली. ते नाटक पुढे न्यूयॉर्कलाही गेलं. मग केन रसेल यांच्या ‘विमेन इन लव्ह’साठी पहिलं ऑस्कर आणि 1973 च्या ‘अ टच ऑफ क्लास’ या विनोदी चित्रपटासाठी दुसरं. दोन्ही वेळा बाई सोहळ्याला गेल्याच नाहीत. त्या सोनेरी बाहुल्या आईकडे होत्या आणि आईनं त्या घासून घासून इतक्या चकाकवल्या की वरचा मुलामाच निघाला, असं त्या हसत सांगत. 1971 साली बीबीसीच्या ‘एलिझाबेथ आर’ मालिकेत त्यांनी पहिली राणी एलिझाबेथ साकारली, तरुणपणापासून मरणापर्यंत. त्यासाठी कपाळावरचे केस खरोखर भादरून घेतले. नंतर इब्सेनची हेडा गाब्लर, कवयित्री स्टीव्ही स्मिथ अशा एकाहून एक भूमिका. म्हणजे आपल्या अब्बा-मामूंच्या हिशेबानं बाई पूर्ण सेटल.

1987 मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर एका मासिकाच्या मुलाखतीत म्हणाल्या की समाज अशी काही गोष्टच नसते, असतात त्या व्यक्ती आणि कुटुंबं. ते वाचून आपण संतापानं तडक चालत सुटलो ते बंद काचेच्या दारावर जाऊन आदळलो, नाक मोडता मोडता वाचलं, असं ग्लेंडाबाईंनी नंतर सांगितलं. गवंड्याच्या मुलीला हे वाक्य का लागावं ते समजायला अवघड नाही. मजूर सरकारनं 1948 मध्ये सर्वांसाठी मोफत आरोग्य सेवा सुरू केली तेव्हा ती बारा वर्षांची होती. शिकली ती शिष्यवृत्तीवर. ज्या ‘समाज’ नावाच्या गोष्टीनं तिला उभं केलं, ती अस्तित्वातच नाही, असं देशाची पंतप्रधान सांगत होती.

1992 साली, पंचावन्नाव्या वर्षी, त्या उत्तर लंडनच्या हॅम्पस्टेड आणि हायगेट मतदारसंघातून मजूर पक्षातर्फे उभ्या राहिल्या आणि हुजूर पक्षाची जागा खेचून घेतली. देशात मात्र मजूर पक्ष हरला. म्हणजे बाईंनी लखलखतं करिअर सोडून मिळवलं काय, तर विरोधी बाकांवरची मागची जागा. आपल्याकडेही सिनेतारे संसदेत जातात. प्रचाराच्या गाडीवरून हात हलवतात, शपथ घेताना फोटो निघतो आणि मग शूटिंग. नावं घेत नाही, तुम्हाला पाठ आहेत. या बाईंनी खासदारकीच्या तेवीस वर्षांत नाटकात पाऊल ठेवलं नाही की चित्रपट केला नाही. कुणी संसदेला रंगभूमीची उपमा दिली की त्या म्हणत, तसं असेल तर तालीम कच्ची, प्रकाशयोजना वाईट आणि आवाजाची व्यवस्था त्याहून वाईट.

आता करिअरच्या फूटपट्टीनं ही तेवीस वर्षं मोजा. 1997 ते 1999 वाहतूक खात्यात कनिष्ठ मंत्री, वाट्याला लंडनची वाहतूक. लंडनच्या महापौरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागायला ते पद सोडलं, तर उमेदवारी दुसऱ्याला मिळाली. पुन्हा मंत्रिपद नाही, मंत्रिमंडळ तर दूरच. आमच्या कंपन्यांच्या भाषेत ‘ग्रोथ’ शून्य. एवढ्यावरूनच त्यांची राजकीय कारकीर्द फिकी म्हणणारे बरेच आहेत. खासदाराचं नेहमीचं काम, म्हणजे मतदारांना ठरलेल्या वेळी भेटणं, कुणाच्या घराचा, कुणाच्या भत्त्याचा, कुणाच्या व्हिसाचा कागद पुढे सरकवणं, याला कुठलं पदक नसतं. ज्यानं कधी एका विधवेचं पेन्शन सुरू करून देण्यासाठी तहसील कचेरीत चार खेपा घातल्यात, त्याला हे सांगावं लागत नाही.

पण एक तारीख लक्षात ठेवा: 18 मार्च 2003. इराकवर हल्ला करायचा की नाही यावर ब्रिटिश संसदेत मतदान झालं. पंतप्रधान टोनी ब्लेअर बाईंच्याच पक्षाचे. युद्धाची बाजू अजून सिद्ध झालेली नाही, असं म्हणणाऱ्या दुरुस्तीच्या बाजूनं मजूर पक्षाच्या 139 खासदारांनी पक्षादेश मोडून मत दिलं. त्यांत ग्लेंडा जॅक्सन होत्या. दुरुस्ती पडली. युद्धाचा ठराव 412 विरुद्ध 149 मतांनी मंजूर झाला आणि दोन दिवसांनी हल्ला सुरू झाला. त्या मतानं युद्ध थांबलं नाही हे खरंच. पुढे त्यांनी ब्लेअर यांच्या राजीनाम्याची जाहीर मागणी केली, त्यानंही ब्लेअर गेले नाहीत. तरी मला विचाराल, तर त्या दिवशी त्या न्यूयॉर्कच्या एखाद्या नाटकात टाळ्या घेत असत्या, तर तो दिवस ‘खंड’ ठरला असता.

2010 मध्ये मतदारसंघाच्या सीमा बदलल्या आणि त्या 42 मतांनी जिंकल्या. बेचाळीस! आपल्या मोहल्ल्यातल्या एका इमारतीत याहून जास्त मतदार असतात आणि त्यातल्या निम्म्यांची नावं यादीत आहेत की नाहीत, याची चौकशी आपण निवडणुकीच्या आदल्या रात्री करतो.

2013 च्या एप्रिलमध्ये थॅचर वारल्या. 10 एप्रिलला श्रद्धांजलीसाठी खास सभागृह बोलावलं होतं. सगळे गोड बोलत असताना ग्लेंडाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या काळातली शाळा वर्णन करून सांगितली: भिंतीचा गिलावा मुलांच्या चित्रांनी आणि चिकटपट्टीनं धरून ठेवलेला, वाचनालयाच्या फळ्या रिकाम्या, उरलेली पुस्तकंही चिकटपट्टीनेच जोडलेली. आम्हाला जे अवगुण म्हणून शिकवलं होतं ते लोभ, स्वार्थ, दुबळ्यांबद्दलची बेफिकिरी, त्या राजवटीत सद्गुण झाले, असं त्या म्हणाल्या. समोरून आरडाओरडा झाला. हरकत घेतली गेली, ती सभापतींनी फेटाळली. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलावं का, यावर तिथे बराच वाद झाला. मला विचाराल तर त्यांनी व्यक्तीच्या मरणावर एक शब्द काढला नाही. धोरणावर बोलल्या, आणि त्या सभागृहाचं कामच ते आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो, तो मी मित्रांकडूनच ऐकलाय. “दोन ऑस्कर खिशात असताना कुणीही जाईल रे. आमचे हप्ते कोण भरणार?” आक्षेपात दम आहे, मान्य. नाव होतं म्हणून दार लवकर उघडलं. पण आपलं ‘सेटल’ कधी येतं ते सांगा. आधी नोकरी, मग परदेशातलं पोस्टिंग, मग फ्लॅट, मग पोरांची शाळा, मग आई-वडिलांची दुखणी. ही रांग कधी संपते? ग्लेंडाबाईसुद्धा खासदार होण्याआधीपासून, अभिनय करत असतानाच, मजूर पक्षाचा प्रचार करत होत्या. आणि नोकरी सोडा असं मी कुणालाच म्हणत नाही. शनिवारचे दोन तास द्या. पण ते दोन तास ‘फावल्या वेळातला छंद’ म्हणून खाली, क्रिकेट आणि प्रवासाच्या शेजारी लिहू नका.

2015 मध्ये त्यांनी निवडणूक लढवली नाही. पुढच्या वर्षी लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात, डेबोरा वॉर्नर यांच्या दिग्दर्शनाखाली, त्या राजा लिअर झाल्या. राणी नव्हे, राजाच. लिअर आपल्याला परका नाही. ‘नटसम्राट’मधल्या बेलवलकरांच्या मागे त्याचीच सावली आहे. ऐंशी वर्षांची बाई हा बाप कशी करणार, असं लोक विचारत होते. त्यावर बाईंनी दिलेलं उत्तर या सगळ्या कहाणीत मला सर्वांत मोलाचं वाटतं. खासदार म्हणून वृद्धाश्रमांत आणि वृद्धांच्या दिवसभराच्या केंद्रांत जाताना आपल्याला दिसलं, की वय वाढतं तशा बाई आणि पुरुष यांच्यातल्या भिंती धूसर होत जातात. लिअर त्यांना सापडला तो नाट्यशाळेत नाही, मतदारसंघात. 2019 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये पुन्हा लिअर केला, आठवड्याला आठ प्रयोग, वय 82. त्याच वर्षी ‘एलिझाबेथ इज मिसिंग’ या दूरदर्शनपटात विस्मरणाच्या आजारात हरवत चाललेली आजी केली. 2018 साली ‘थ्री टॉल विमेन’साठी टोनी पुरस्कारही मिळाला होता.

पण मी इथे थांबलो तर माझाच मुद्दा मी विकून टाकीन. कारण मग तुम्ही म्हणाल, बघा, समाजकार्याचा शेवटी करिअरला फायदा झालाच. कंपन्यांमधले लोक हेच म्हणतात: स्वयंसेवा करा, नेतृत्वगुण वाढतात, बढतीला उपयोग होतो. मला हे किळसवाणं वाटतं. समजा 2015 नंतर एकही भूमिका मिळाली नसती. लिअर नाही, टोनी नाही. मग ती तेवीस वर्षं वाया गेली होती का? त्या 139 मतांमधलं एक मत कमी मोलाचं झालं असतं का? ज्याचं घर वाचलं, त्याला बाई पुढे नाटकात काम करतील की नाही याच्याशी काय देणंघेणं?

आणि खंडच शोधायचा असेल तर दुसरीकडे शोधा. बाई तक्रार करत की नाटककारांना बायकांमध्ये रस नाही, गोष्ट पुढे नेणारं पात्र क्वचितच बाई असतं. पन्नाशीनंतर तर अभिनेत्रीला कुणाची तरी आई एवढंच काम उरतं. शेवटी त्यांना आपल्या ताकदीची भूमिका मिळाली ती चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकात, आणि तीही पुरुषाची. हा खड्डा त्यांच्या रेझ्युमेतला नाही, त्या धंद्यातला आहे. त्याचा जाब मात्र कुठल्याच मुलाखतीत विचारला जात नाही.

त्यांचा शेवटचा चित्रपट ‘द ग्रेट एस्केपर’, सोबत मायकेल केन. तो ऑक्टोबर 2023 मध्ये, त्या गेल्यानंतर चार महिन्यांनी प्रदर्शित झाला.