उतारवयाचा पत्ता

"सेवानिवृत्तीनंतर परदेशी जाऊन राहावे की नाही?" हा विषय माझ्यासारख्या मुलीने लेखासाठी घ्यावा, याचे वाचकांना हसू येईल. निवृत्त होता येईल अशी नोकरी आमच्या घरात आजवर कोणालाही लागलेली नाही. वडील बाजारात पोती उचलतात, आई दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जाते. महाविद्यालयाची पायरी चढलेली घरातली पहिली मी. आमच्याकडे पासपोर्ट सोडाच, रेशनकार्डावरची नावे दुरुस्त करायलाच दोन वर्षे लागली. मग या विषयाशी माझा संबंध काय?

संबंध आला तो आमच्या आळीतल्या गुरुजींमुळे. गुरुजी निवृत्त शिक्षक, वय चौऱ्याहत्तर. काकूंना जाऊन चार वर्षे झाली. मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. आमचे घर एका खोलीचे, म्हणून अकरावीपासून मी गुरुजींच्या ओसरीवर अभ्यासाला बसते. त्यांची दृष्टी मंद झाल्यापासून रोज सकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. गेल्या दिवाळीत मुलाने फोनवर सांगितले, "अण्णा, आता मी तिकडचा नागरिक झालो. तुमचे कायमचे कागद करतो. तुम्ही एकटे राहता, मला रात्री झोप लागत नाही." तेव्हापासून आमच्या आळीत वाद चालू आहे. कोणी म्हणतो, "गुरुजी, नशीब काढलंत!" कोणी म्हणतो, "म्हातारपणी कशाला परमुलखात?" आणि गुरुजी एके दिवशी मलाच विचारून बसले, "पोरी, तू कॉलेजात जातेस. सांग, जाऊ की नको?"

मी ताडकन म्हणाले, "नका जाऊ." घरी येईपर्यंत मनाला टोचणी लागली. मी हे कोणाच्या हिताचे बोलले? गुरुजी गेले तर ओसरीला कुलूप लागणार आणि माझा अभ्यास बसस्टँडवर होणार. आपल्या सोयीला आपण किती सहज 'संस्कृती' आणि 'मातृभूमी' अशी भारदस्त नावे देतो! म्हणून मी ठरवले, की आधी नीट विचार करायचा आणि मगच उत्तर द्यायचे. हा लेख म्हणजे तो विचार आहे.

प्रथम कागदाची बाजू पाहू. अमेरिकेचा नागरिक असलेला एकवीस वर्षांवरील मुलगा आईवडिलांना तिथे कायमच्या वास्तव्यासाठी बोलावू शकतो. नुसत्या पाहुण्याच्या व्हिसावर मात्र एका खेपेला बहुधा सहा महिनेच राहता येते. कायमचे कार्ड घेतले आणि पुढे वर्षाहून अधिक काळ शिरूरलाच राहिले, तर ते कार्ड धोक्यात येते. म्हणजे 'एक पाय इथे, एक पाय तिथे' हे बोलायला सोपे आहे. तिथे पासष्टीपुढच्या माणसांसाठी 'मेडिकेअर' हा सरकारी आरोग्य विमा आहे. तो १९६५ च्या कायद्याने आला. पण ज्याने तिथे कधी नोकरी केली नाही अशा बाहेरून आलेल्या वृद्धाला सलग पाच वर्षे कायमचे वास्तव्य झाल्यावरच, आणि तेही हप्ते भरून, त्यात प्रवेश मिळतो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या आयुष्यात ही पाच वर्षे केवढी! इंग्लंडने तर २०१२ पासून वृद्ध आईवडिलांना बोलावण्याचे नियम इतके कडक केले, की ते दार जवळजवळ बंदच झाले.

गंमत अशी, की हाच प्रश्न उलट्या बाजूनेही पडलेला आहे. १९६५ साली अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि त्यानंतर मराठी डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येने तिकडे गेले. १९८१ साली त्यांनी बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. ती पिढी आता स्वतःच निवृत्त झाली आहे आणि तिच्यापुढे प्रश्न आहे, की परत मायदेशी जावे काय? भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. २००५ पासून मिळू लागलेल्या 'ओसीआय' कार्डावर इथे हवे तितके राहता येते, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. तिकडचा मेडिकेअरही सहसा इकडच्या दवाखान्यात चालत नाही. म्हणजे ज्याने मायदेश सोडला त्याला परतीच्या वाटेवरही जकात द्यावी लागते.

पण कागद हे सर्वस्व नव्हे. आपल्याकडे वक्तृत्वस्पर्धेत या विषयावर बोलणारा प्रत्येक स्पर्धक परदेशातील मुलाला 'कृतघ्न' ठरवून टाळ्या घेतो. मीही पूर्वी घेतल्या आहेत. आज मला ते पटत नाही. आमच्या वर्गातली किती मुले शिरूरला राहणार आहेत? कोणी रांजणगावच्या कारखान्यात, कोणी पुण्यात, कोणी मुंबईत जाईल. आईवडील मागे राहतील. पुण्याला गेलेला मुलगा कर्तबगार आणि न्यू जर्सीला गेलेला कृतघ्न, हा कोणता न्याय? अंतर बदलले, गोष्ट तीच आहे. गुरुजींचा मुलगा रात्री जागा राहतो, हे मी स्वतः फोनवर ऐकले आहे. त्याला दोष देऊन आपला प्रश्न सुटत नाही.

तेव्हा खरा प्रश्न कोणता? तो मला उमगला दौंडला, माझ्या आत्याकडे. आत्याचे यजमान रेल्वेत ट्रॅकवर काम करतात. दौंड हे जंक्शनचे गाव. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यापासून त्याचे महत्त्व वाढत गेले. इथल्या रेल्वे वसाहतीत एके काळी अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड यांची घरे होती. रेल्वेची नोकरी त्यांच्या पिढ्यान्पिढ्यांची. स्वातंत्र्यानंतर आपल्या घटनेने रेल्वे, टपाल, कस्टम्स या खात्यांतील त्यांच्या राखीव जागा दर दोन वर्षांनी कमी करत दहा वर्षांत संपवल्या. नोकरी संपली की सरकारी क्वार्टर सोडावे लागे. म्हणजे निवृत्तीच्या दिवशीच 'आता राहायचे कुठे?' हा प्रश्न दारात उभा! अनेकांनी इंग्लंडची वाट धरली. ज्या देशाला ते 'होम' म्हणत, तो देश त्यांतील बहुतेकांनी कधी पाहिलेलाही नव्हता. काही ऑस्ट्रेलियाला गेले. तिथे तर १९७३ पर्यंत माणसाच्या कातडीच्या रंगाचा हिशेब होत असे. आणि काही इथेच राहिले.

राहिलेल्यांपैकी एक वृद्ध बाई आत्याच्या घराजवळ राहत. सगळे त्यांना 'मॅडम' म्हणत. मी लहान असताना सुट्टीत दौंडला गेले, की त्या मला इंग्रजी अक्षरे गिरवायला लावत. त्यांचे भाऊ तरुणपणीच ऑस्ट्रेलियाला गेले. निवृत्तीनंतर त्यांनाही तिकडून बोलावणे आले होते. त्या का गेल्या नाहीत, असे आत्याने एकदा विचारले. मॅडम त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "तिकडे सगळा हाय. पण मी भाजीवालीशी भांडणार कसा?"

तेव्हा आम्ही खूप हसलो. आज त्या वाक्याचा अर्थ मला कळतो. भाजीवालीशी भांडायला तिची भाषा यावी लागते, भाव ठाऊक असावा लागतो, आपल्या पायांनी बाजारापर्यंत जाता यावे लागते, आणि मुख्य म्हणजे भाजीवालीने आपल्याला ओळखावे लागते. ज्याला हे चारही जमते तो माणूस म्हातारा झाला तरी परावलंबी झालेला नसतो. गुरुजी मागे सहा महिने अमेरिकेला जाऊन आले होते. काय पाहिले, असे विचारल्यावर म्हणाले, "खिडकी." घर मोठे, हवा स्वच्छ, सून मायाळू. पण मोटार चालवता येत नाही म्हणून कुठे जाणे नाही. नातवंडांना मराठी समजते, बोलता येत नाही. इथे गुरुजी रस्त्याने निघाले, की चार ठिकाणी थांबतात. कोणाचा अर्ज लिहून देतात, कोणाला शाळेच्या दाखल्याची जन्मतारीख समजावतात. तिथे ते 'आलेले वडील' होते. इथे ते गुरुजी आहेत.

याचा अर्थ परकी भूमी आपली होतच नाही असा मात्र नाही. आमच्या शिरूरचेच उदाहरण आहे. इथे इंग्रजांची छावणी होती. १८०९ साली कर्नल विल्यम वॉलेस हा अधिकारी इथे मरण पावला. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये नोंद आहे, की आसपासचे लोक त्याला 'सत्पुरुष' मानून त्याच्या थडग्याला सुगीचे पहिले धान्य नैवेद्य म्हणून वाहत. समुद्रापलीकडच्या माणसाला घोडनदीकाठच्या शेतकऱ्याने आपलेसे केले! पण हा मान त्याला मेल्यावर मिळाला, हेही विसरू नये. जिवंत म्हाताऱ्याला नैवेद्य नको असतो, "आज उशीर केलात?" असे विचारणारा कोणीतरी हवा असतो.

म्हणून माझे मत असे, की हवापाणी कुठले चांगले, सोयी कुठे जास्त, एवढ्यावर हा प्रश्न ठरवू नये. 'तिथे मी कोणाच्या उपयोगी पडेन आणि मला नावाने कोण हाक मारील?' असे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. ज्याला उत्तर सापडेल त्याने खुशाल जावे. त्याला देशद्रोही म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. नातवाला वाढवण्यात ज्या आजीला आनंद आहे, तिच्यासाठी न्यू जर्सी हेच शिरूर. मात्र निर्णय तिचा तिने घ्यावा, मुलाच्या काळजीपोटी किंवा आळीच्या टोमण्यांपोटी नव्हे. आणि पहिल्याच फेरीला इकडचे घर विकून जाऊ नये. परतीचे दार उघडे असले म्हणजे माणूस परमुलखातही ताठ मानेने राहतो.

आता इथे राहणाऱ्यांसाठी आपण काय करतो, हेही विचारायला हवे. 'गुरुजी, जाऊ नका' म्हणणाऱ्या आळीतील किती जण त्यांच्या दारावर रात्री थाप मारून येतात? आईवडिलांच्या चरितार्थासाठी २००७ साली कायदा झाला. त्याने पोटगी मिळेल, सोबत मिळणार नाही. 'राहा' म्हणणाऱ्याने शेजारधर्माची जबाबदारीही घेतली पाहिजे. नाहीतर आपला आग्रह म्हणजे नुसता फुकटचा अभिमान आहे.

मी गुरुजींना शेवटी असे सांगितले, "तुम्ही सहा महिने जाऊन या. घर विकू नका. तिथे एखाद्या मराठी शाळेत मुलांना बाराखडी शिकवता येते का पाहा. जमले तर राहा, नाही जमले तर या. तुमच्या दिव्याला वाट मी दाखवीन." गुरुजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि तुझा अभ्यास?" मी म्हटले, "माझ्या अभ्यासासाठी तुम्ही थांबू नका." हे वाक्य उच्चारताना माझा आवाज थोडा कापला, हे कबूल करते. अर्ज अजून त्यांच्या कपाटात आहे.

त्या रात्री मी घरी हे सारे सांगितले. वडील जेवत होते. म्हणाले, "गुर्जींचं बराय, त्यांना इचारणारं तरी कुणी हाय. उद्या तू पुण्याला नोकरीला लागलीस, की आमाला नेशील का?" आई लगेच म्हणाली, "आमी न्हाई येणार बाई. तिथं आमाला वळखतं कोण?"

अमेरिका, इंग्लंड, दौंड सगळे फिरून प्रश्न आमच्या चुलीपाशी आला होता. दुसऱ्यांना सल्ला देणारी मी, मला उत्तर सुचले नाही. मी आईच्या ताटात भाकरी वाढली आणि अजून विचार करते आहे.

(द्वितीय वर्ष, कला)