पेल्यातला ऋतू कोणाचा?

पुण्यात बसून बीअरविषयी निबंध लिहावयाचा म्हणजे दोन्ही बाजूंचे शिव्याशाप पदरी घेण्याची तयारी ठेवूनच लेखणी उचलावी लागते. ‘दारू ती दारू, तिच्यात चवीची चर्चा कसली?’ असे एक पक्ष म्हणणार. आणि ‘आम्ही पितो, आम्हांस आवडते, तुम्ही नसती पंचाईत कशास करता?’ असे दुसरा. विषय अमंगळ म्हणून पहिल्यास विचार नको, विषय गमतीचा म्हणून दुसऱ्यास नको. परंतु जी वस्तू आपल्या शहरात पंधरा वर्षांहून अधिक काळ राजरोस तयार होत आहे आणि जी आता आपल्या ऋतूंची नावे धारण करू लागली आहे, तिचा विचार सुशिक्षित कुटुंबांनी सोडून दिला, तर तो दुकानदार आणि अबकारी खाते या दोघांच्याच हाती राहील. हे दोघे आपापल्या हिशेबात हुशार असतात; पण तो हिशेब सर्वांच्या हिताचा असतोच असे नाही.

2009 साली डूलाली नावाची राज्यातील पहिली छोटी ब्रुअरी पुण्यात निघाली. 2014 साली मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी सुरू झाली, पुढे ग्रेट स्टेट एलवर्क्स व आणखी काही नावे आली. पहिल्या नावाचीच गंमत पाहावी. नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीत परतीच्या जहाजाची वाट पाहत कंटाळलेल्या, डोके फिरलेल्या गोऱ्या शिपायांवरून इंग्रजीत ‘डूलाली’ हा शब्द निघाला. आपली देवळाली विलायतेस जाऊन डूलाली झाली आणि मगच पुण्यात तिला प्रतिष्ठा लाभली! हा केवळ नावाचा विनोद असता तर आम्ही तो येथेच सोडला असता. पण या साऱ्या व्यवहाराचे सूत्रच त्यात सापडते, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

प्रथम निषेधकांचा विचार करू. त्यांची परंपरा थोर आहे, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. 1880 साली जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेकडे दारूच्या दुकानांविरुद्ध तक्रार केली आणि 1908 साली टिळकांनी याच शहरात दुकानांवर निरोधनाची चळवळ चालविली. ज्या दोन पुरुषांचे अनुयायी इतर कोणत्याही प्रश्नावर एका ओळीत उभे राहणे कठीण, ते दोघे या प्रश्नावर एका बाजूस होते. 1919 साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ नाटकाने मध्यमवर्गाच्या मनावर जो ठसा उमटविला, तो अद्याप पुसलेला नाही. आणि वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत आजही दारूबंदी आहे, ती तेथील स्त्रियांच्या अश्रूंना विसरून समजणार नाही. दारूने घरे बुडतात हे खरे आहे, आणि बीअर ही दारूच आहे हेही खरे आहे. यात आम्ही एका अक्षराचीही सूट मागत नाही.

पण हाच पक्ष पुढे जेव्हा म्हणतो की, ऋतूनुसार मद्याचे प्रकार करणे हे पाश्चात्त्यांचे खूळ असून आपल्या परंपरेस ते ठाऊक नाही, तेव्हा तो आपल्या अज्ञानास परंपरेचे नाव देतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात तांदळाच्या व इतर धान्यांच्या मद्यांची प्रमाणे दिली आहेत, आंब्याच्या रसाच्या सुरेचा उल्लेख आहे, आणि उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवस मद्य करण्याची मोकळीक सांगितली आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयातील ऋतुचर्येत कोणत्या ऋतूत कोणते मद्य चालेल हे सांगताना ग्रीष्मात ते शक्यतो पिऊच नये, प्यावयाचेच तर अगदी थोडे किंवा भरपूर पाणी घालून प्यावे, असा इशारा दिला आहे. आमच्या पूर्वजांनी मद्याकडे पाहिले, ते मोजले, त्याचे प्रकार केले आणि त्याला मर्यादा घातली. डोळे मिटून घेतल्याने त्यांपैकी एकही गोष्ट होत नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू, आणि आमचा खरा वाद त्याच्याशीच आहे. एल हा बीअरचाच एक प्रकार. जवाला, म्हणजे बार्लीला, मोड आणून, वाळवून व भाजून त्याचा मॉल्ट करावयाचा. तो भरडून गरम पाण्यात ठेवून त्याचा गोड रस काढावयाचा. हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालून तो उकळावयाचा आणि निववून यीस्टने आंबवावयाचा, ही कृती सर्वच बीअरची. एलचे यीस्ट साधारण 15 ते 24 अंश उष्णतेत काही दिवसांतच आपले मुख्य काम उरकते. लागर नावाच्या प्रकारास त्याहून अधिक थंडी आणि कित्येक आठवडे लागतात. म्हणून छोट्या ब्रुअरीला एल सोयीची पडते. आज एका फळाची, पुढल्या महिन्यात दुसऱ्या फळाची, असा टाकीतला माल पालटता येतो. आणि यातूनच ‘ऋतूच्या एल’ निघाल्या आहेत.

युरोपात बीअरला ऋतू चिकटला तो हौसेने चिकटलेला नव्हता. बव्हेरियात 1553 च्या हुकुमाने 23 एप्रिलपासून 29 सप्टेंबरपर्यंत बीअर करण्यास मनाई केली, कारण उन्हाळ्यात ती नासे. म्हणून मार्चमध्ये जरा जड बीअर करून थंड तळघरात साठवीत, आणि तिचे नावच मार्चवरून पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिंडे व इतरांनी शीतयंत्रे आणली आणि ही सक्ती संपली. आज पुण्याच्या ब्रुअरीतील पोलादी टाकी वैशाखातही हवी तितकी थंड ठेवता येते. म्हणजे आंबविण्याच्या क्रियेतून ऋतू कायमचा हद्दपार झाला आहे. मग फलकावर खडूने लिहिलेला हा ऋतू राहतो तरी कोठे?

तो राहू शकतो केवळ शेतात. दुसरी जागा त्याला उरलेलीच नाही. पुरंदरचे अंजीर घ्या. 2016 साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. झाडावरून उतरविल्यावर हे फळ एक-दोन दिवसांतच मऊ पडू लागते, आणि बाजारात भाव पडला की शेतकऱ्याला ते मातीमोलाने विकावे लागते. सासवडच्या परिसरातून एका सकाळी निघालेले अंजीर दुपारी पुण्यातील टाकीत पडले, तर त्या एलला ऋतूची म्हणण्यात अर्थ आहे. त्यात शेतकऱ्याचे दोन पैसेही आहेत. ग्रेट स्टेट एलवर्क्सने कोकम आणि मीठ घालून एल केली, तेव्हा कोकणातील घराघरांतील उन्हाळी सरबताची जाण तिच्यात उतरली. असा प्रयत्न स्तुत्यच आहे. पण बाटलीतला अर्क किंवा डबाबंद गर वापरून बाराही महिने करता येणारी वस्तू केवळ एप्रिलात विकावयाची आणि तिला ‘आंब्याची बहार’ म्हणावयाचे, हा पंचांग विकण्याचा धंदा झाला. हापूस संपला की आमरस संपतो हे आमच्या घरातील लहान मुलासही समजते. मग जी एल संपत नाही, तिला ऋतू कसला?

आणि फळ हा तर या पेयाचा अलंकार. त्याचा देह धान्याचा. आज तो देह कोठून येतो? जव राजस्थान-हरियाणाकडचा किंवा थेट युरोपातला, हॉप बहुतांशी जर्मनी-अमेरिकेतले. पुण्याचे काय, तर खडकवासल्याचे पाणी! ज्या दख्खनच्या पठारावर आपण बसलो आहोत, तेथील ज्वारी-बाजरी-नाचणीस या टाकीत क्वचितच जागा मिळते. मंगळवेढ्याच्या ज्वारीस 2016 साली मानांकन लाभले, मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी जवळजवळ नव्वद वर्षे आमच्या रब्बीचा आधार झाली आहे, 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. आणि तरीही राज्यातील ज्वारीचा पेरा दशकानुदशके घटतच गेला.

‘ज्वारीची बीअर होत नाही’ असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. अडचण आहे, ती अशी की, ज्वारीतील स्टार्च सुटण्यास जी उष्णता लागते, तीत जवाच्या मॉल्टमधील पाचक द्रव्ये मरून जातात. म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवून घ्यावी लागते आणि मग निववून मॉल्टमध्ये मिसळावी लागते. एका भांड्याचे आणि दोन तासांचे हे काम. नायजेरियाने 1988 साली जवाच्या मॉल्टची आयात बंद केली, तेव्हा तेथील मोठमोठ्या ब्रुअऱ्या निमूटपणे ज्वारी व मक्याकडे वळल्या. हिमालयाच्या कुशीत नाचणीची छांग पिढ्यान् पिढ्या होत आली आहे. आणि धान्याला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करणे हे शास्त्र तर आमच्या प्रत्येक आजीस ठाऊक आहे. बाळाचे नाचणीसत्त्व म्हणजे मॉल्टच होय. उन्हाळ्यातली आंबील ही आंबविलेल्या धान्याचीच सौम्य बहीण. जे ज्ञान आमच्या स्वयंपाकघरात आहे, त्यासाठी आमच्या ब्रुअरीने बव्हेरियाच्या तोंडाकडे पाहावे, याला काय म्हणावे?

येथे एक गंभीर आक्षेप येतो. 2007 साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांस अनुदानाचे धोरण आखले, तेव्हा डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्यास कडाडून विरोध केला, आणि तो योग्यच होता. जनतेच्या पैशाने दारूचे कारखाने पोसावेत असे आम्हीही म्हणत नाही. आमची मागणी अनुदानाची नाहीच. 100 लिटर एलला सुमारे 20 किलो धान्य लागते. ते आजही लागतच आहे, फक्त ते दुसऱ्याच्या शेतातून येते. पिणारा पिणारच असेल, तर त्याच्या रुपयातील काही आणे सोलापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्यास मिळावेत, इतकेच आमचे म्हणणे.

सरकारचे वर्तन याहून विचित्र. या राज्यातील प्रत्येक पेला आजही 1949 च्या दारूबंदीच्या कायद्याखालीच भरला जातो. नाव बंदीचे, काम वसुलीचे. 1892 साली मुंबईच्या गोऱ्या सरकारने मोहाच्या फुलांसाठी खास कायदा करून ठाणे-कुलाब्यातील आदिवासींचे वसंतातले पेय गुन्ह्याच्या सदरात घातले. फाल्गुन-चैत्रात गळणाऱ्या फुलांचे ते पेय. याहून अधिक ऋतूचे दुसरे कोणते असणार? आणि 2022 च्या एप्रिलमध्ये आमच्या मंत्रिमंडळाने मोहाची फुले व काजूची बोंडे यांच्या मद्यावर कृपा केली ती कशी? तर त्यास ‘विदेशी मद्या’चा दर्जा देऊन! देवळालीची डूलाली झाली, तशीच ही गत. शेजारच्या गोव्याने 2016 साली फेणीस राज्याचा वारसा म्हणून मान दिला, त्यासाठी तिला परदेशी ठरवावे लागले नाही.

आमचे सांगणे थोडक्यात असे. ज्या ब्रुअरीस आपल्या एलवर ऋतूचे नाव घालावयाचे आहे, तिने फळ कोणत्या गावचे, धान्य कोणत्या तालुक्याचे आणि माल कोणत्या महिन्यात टाकीत पडला, या तीन गोष्टी फलकावर लिहाव्यात, आणि फळ संपले की एलही संपू द्यावी. हे लिहिता येत नसेल तर तिने खुशाल बीअर विकावी. ऋतूचे नाव मात्र सोडावे. पिणाऱ्यांनी पेला हाती घेण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा. न पिणाऱ्यांनीही तो विचारावा, कारण पेला त्यांचा नसला तरी ज्वारी, अंजीर आणि मोह त्यांचेही आहेत. आपल्या भाजीवाल्याला ‘हे कुठले?’ असे रोज विचारणाऱ्या पुणेकरास हा प्रश्न जड जाऊ नये.