घडी मोडा!

मामीच्या लग्नातले उशांचे अभ्रे ती गेल्यावर ट्रंकेतून निघाले. पांढरं पॉपलिन, कोपऱ्यात साखळी टाक्याचा वेल, वेलावर गाठीच्या टाक्याची बारीक फुलं. एकदाही वापरलेले नव्हते. "चांगले आहेत, पाहुण्यांना काढू," म्हणत तिनं ते जन्मभर राखले. आम्ही उलगडायला गेलो, तर अभ्रा घडीवरच फाटला. वेल जसाच्या तसा, कापड मात्र विरलेलं. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं सुती कापड पिवळं पडतं आणि तिथंच तुटतं. मामीचे अभ्रे वापरून गेले नाहीत, जपून गेले.

तुमच्याही घरात असं एखादं बोचकं असेल. मॅटीवर फुलीच्या टाक्यांनी भरलेला टेबलक्लॉथ, ताटावरचे रुमाल, रेडिओवरचं झाकण, क्रोशाच्या सुईनं विणलेलं तोरण. रुखवतात चार दिवस मांडलं आणि नंतर माळ्यावर चढवलं. आता जुने वाडे, जुन्या इमारती पुनर्विकासाला जाताहेत आणि नव्या फ्लॅटला माळा नसतो. मग अख्खं बोचकं बोहारणीकडे जातं आणि त्याच्या बदल्यात स्टीलचं एक पातेलं येतं.

ही कला सगळ्याच मुलींनी हौसेनं जोपासली, असं मी म्हणणार नाही. रुखवत ही सुनेची परीक्षाच असे आणि डोळे दुखले तरी टाका चुकवून चालत नसे. पण म्हणून त्या हातांचं काम टाकून द्यायचं का? ज्यांना कुठंच नाव लावता आलं नाही, त्यांची सही या टाक्यांतच आहे.

तेव्हा विनंती एकच आहे, ती म्हणजे घडी मोडा.

आधी धुण्याचं पाहू. ओला पांढरा फडका लाल, काळ्या दोऱ्यावर मागच्या बाजूनं दाबून बघा. रंग फडक्याला लागला, तर कापड भिजवू नका. नाही लागला, तर थंड पाण्यात सौम्य साबणानं किंवा रिठ्यानं धुवा, पिळू नका, सावलीत पसरून वाळवा. टॉवेलवर उलटं घालून इस्त्री केली की टाके चेपत नाहीत. ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको. पावसाळ्यात आत दमट राहून बुरशी धरते. खळ घातलेलं कापडही ठेवू नका, त्याला कसर लागते. धुतलेल्या जुन्या धोतरात गुंडाळा आणि अधूनमधून घडी बदला.

मग ते वापरा. रोज नको, पण रविवारच्या चहाला तो रुमाल ट्रेवर येऊ द्या. डाग पडला तर धुऊ, विरलं तर रफू करू. अगदीच गेलं, तर भरलेला तेवढा तुकडा नव्या पिशवीवर नाहीतर गोधडीवर लावू.

आणि कापड टिकणारच नसेल, तर नक्षी उतरवून घ्या. वर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी हलक्या हातानं घासली की टाक्यांचा उठाव कागदावर उमटतो. तो कार्बननं नव्या कापडावर उतरवा. मग कापड उलटून बघा. दोरा कुठून कुठं गेला, सहापदरी दोऱ्याचे किती पदर घेतले, हे पाठीमागूनच कळतं. फुलीचा टाका असेल, तर घरं मोजून चौकटीच्या वहीत भरा.

कर्नाटकी कशिद्याच्या बाबतीत हे तर फारच निकडीचं आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या कितीतरी घरांत आजीच्या इरकली लुगड्याच्या पदरावर तो आहे. त्यात गोपूर, रथ, तुळशीवृंदावन भरताना आधी कापडावर खाका काढत नाहीत, कापडाचे धागे मोजत टाका घालतात. त्यातला 'गवंती' टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो आणि मागे गाठ सापडत नाही. हे गणित वहीत नसतं, हातात असतं. म्हणून तो हात आपल्यात आहे तोवर आजीशेजारी, आत्याशेजारी जाऊन बसा. नातीला बसवा, नातवालाही बसवा. सगळा टेबलक्लॉथ कुणी मागत नाही, एका रुमालाचा एक कोपरा पुरे.

शेवटी एक काम करा. सुती फितीच्या तुकड्यावर भरणारीचं नाव, गाव आणि माहीत असेल तर साल लिहा आणि तो तुकडा मागच्या बाजूला टाचून ठेवा.

मामीच्या अभ्र्यावरचा वेल मी कागदावर उतरवून घेतला आहे. नव्या कापडावर माझी फुलं तिच्याइतकी बारीक येत नाहीत, तरीही रात्री त्याच उशीवर डोकं टेकते. ज्या पाहुण्यांसाठी मामीनं ते अभ्रे राखले होते, ते पाहुणे आम्हीच होतो. आम्हाला पोचायला उशीर झाला. तुम्ही करू नका.