दार लावले, पण किल्ली कोणाच्या हाती?

४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे भारताने 'आरसेप' या सोळा देशांच्या व्यापार कराराच्या बोलणीतून अंग काढून घेतले. त्या वेळी पंतप्रधानांनी गांधीजींच्या कसोटीचा हवाला दिला होता. निर्णय घेताना सर्वांत गरीब माणसाचा चेहरा आठवावा, अशी ती कसोटी. आम्ही नालवाडीचे. सेवाग्राम आमच्या शेजारी आहे. १९३२ च्या अखेरीस विनोबाजी याच नालवाडीत येऊन राहिले आणि निव्वळ सूतकताईवर माणसाचे पोट भरते काय, हे त्यांनी स्वतःवर आजमावून पाहिले. तेव्हा त्या कसोटीचा निकाल काय लागला, हे विचारण्याचा हक्क आम्हाला आहे.

निर्णयाचे स्वागत जवळजवळ सर्वांनी केले. दूध उत्पादकांना न्यूझीलंडच्या भुकटीची भीती होती, मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागधारकांना चिनी कापडाची. स्वदेशीवाले आणि त्यांचे विरोधक या प्रश्नावर एका सुरात बोलले. दुसरी बाजूही होती. गटाबाहेर राहिल्यास परदेशी कारखाने व्हिएतनामला जातील, असे काही अर्थतज्ज्ञ सांगत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर नीती आयोगाचे मुख्य कार्यकारी अधिकारी सुब्रह्मण्यम यांनीच भारताने आरसेपमध्ये असायला हवे, असे मत मांडले.

आता हिशोब पाहू. उरलेल्या पंधरा देशांपैकी आसियानचे दहा, जपान, कोरिया आणि ऑस्ट्रेलिया, अशा तेरा देशांशी आपले वेगळे करार आहेतच. म्हणजे दार लावले ते मुख्यतः चीनसाठी. परंतु चीनशी असलेली व्यापारतूट २०१९-२० मध्ये सुमारे ४९ अब्ज डॉलर होती, ती २०२४-२५ मध्ये सुमारे ९९ अब्जांवर गेली. दार लावले, माल थांबला नाही. करारात गेलो असतो तर तूट याहूनही वाढली असती, हे म्हणणे आम्हाला पटते. पण नुसते बाहेर राहणे म्हणजे संरक्षण नव्हे, हेही यातून सिद्ध होते.

कापसाचेच पाहा. २०२१ मध्ये आयात कापसावर सर्व मिळून ११ टक्के शुल्क बसले. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते उठवण्यात आले. आधी मुदत ३० सप्टेंबरची होती, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. अमेरिकेच्या ५० टक्के शुल्काने कापड निर्यातदार अडचणीत आले होते, गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता. त्यांची अडचण खोटी नव्हती. पण वर्धा जिल्ह्यातला शेतकरी नेमका त्याच महिन्यांत कापूस वेचतो. त्याला कोणी विचारले? करारात निदान कोणत्या वर्षी किती शुल्क उतरणार, हे लिहिलेले असते. येथे एका अधिसूचनेने दार उघडते आणि दुसरीने बंद होते. किल्ली दिल्लीत, परिणाम आमच्या बाजारात.

ब्रिटनने २३ जून २०१६ रोजी मतदान घेतले. सुमारे ५२ टक्के लोकांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी तो देश बाहेर पडला. मग सीमेवर कागदपत्रे वाढली आणि नवे करार करीत फिरणे नशिबी आले. त्यातलाच एक २४ जुलै २०२५ रोजी भारताशी झाला. निर्णय बरा की वाईट, यावर तेथे आजही भांडण आहे. पण तेथे लोकांना विचारले तरी गेले.

आता आमच्याच घरातली गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका ठोक विक्रेत्याने आम्हाला 'सुरतचा माल' म्हणून ओढण्यांचे गठ्ठे दिले. माल बाहेरचा निघाला. दोन धुण्यांत रंग गेला आणि गिऱ्हाइकांची बोलणी आम्ही खाल्ली. पण खरे सांगायचे तर भाव पाहूनच आम्हाला शंका यायला हवी होती. आम्ही विचारले नाही, कारण नफा दिसत होता. आम्ही व्यापारी सभेत स्वदेशीच्या बाजूने हात वर करतो आणि दुकानात स्वस्त गठ्ठा सोडतो. कामठीच्या विणकराचे नुकसान एकट्या चीनने केलेले नाही.

म्हणून आमच्या मते, गटात जावे की न जावे या वादापेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. शुल्क बदलायचे तर पेरणीपूर्वी जाहीर करावे, वेचणीच्या तोंडावर नव्हे. बोलणीच्या वेळी निर्यातदारांइतकेच विणकर आणि शेतकरी यांचे म्हणणे ऐकावे. आणि तिसरी गोष्ट आमच्या हातातली आहे. माल जेथला असेल तेथलाच सांगून विकावा. मापात आणि बोलीत खोट नको, हे आम्हाला सरकारने शिकवण्याची गरज नाही.